मलाही न उघडणारं कुलूप

मला भांडता येतं, पण नाही म्हणता येत नाही. या दोन गोष्टी एकाच बाईत कशा नांदतात हे मला आजवर उलगडलेलं नाही, पण नांदतात खऱ्या. धारवाडातल्या आमच्या सप्तापूरच्या भाजीवालीशी मी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालीन. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते तेव्हा प्राचार्यांच्या खोलीत जाऊन आवाज चढवलेला आहे. आणि तीच मी, शेजारची काकू दारात येऊन "तेवढं एक काम होतं गं" म्हणाली, की काम काय ते ऐकायच्या आधीच हो म्हणून मोकळी! आई म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. म्हणायची आणि स्वतः सगळ्या गावाला हो म्हणत फिरायची. आमचं घराणंच तसलं.

कॉलेजात मी मुलांना क्रिप्टोग्राफी शिकवायची. एखादा मजकूर किल्लीनं असा बंद करायचा की ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला तो वाचताच येऊ नये, एवढंच ते शास्त्र. परीक्षेपुरतं मी ते शिकवलं, मुलांनी परीक्षेपुरतं पाठ केलं. त्यात माझ्यासारख्या भिडस्त बाईचं औषध आहे हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

निवृत्तीनंतर मी सप्तापुरातल्याच एका छोट्या केंद्रात जायला लागले. घर सोडून आलेल्या, नाहीतर सोडायच्या विचारात असलेल्या बायका-मुली तिथं येतात. त्यांना राहायला जागा बघून द्यायची, वकील गाठून द्यायचा, कुणी नुसतं बोलायला आलं तर ऐकून घ्यायचं. केंद्र चालवतात त्या अक्का. सत्तरी ओलांडलेल्या, एकेकाळच्या वकील, कन्नड आणि मराठी दोन्हीत सारख्याच फटकळ. भिंतीवर त्यांनी एक नियम लावला होता, वर कन्नडमध्ये, खाली मराठीत: बाईच्या संमतीशिवाय तिची माहिती कुणालाही देऊ नये.

नियम चांगलाच होता. पण तो पाळायचा म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी तोंडावर नाही म्हणायचं, आणि आमच्या हुबळी-धारवाडात ते म्हणणार कोण? इथं मराठी घरं ती किती! चार वाक्यं बोलली की नातं निघतं. कुणाची मावशी तुमच्या जावेच्या माहेरची असते, कुणाचे सासरे तुमच्या वडलांच्या पंक्तीला बसलेले असतात.

एके दिवशी केंद्रात एक वयस्कर बाई आल्या. आमची एक कार्यकर्ती तेवढी हजर होती, स्वभावानं अगदी लोणी. त्या बाईंनी पिशवीतून नारळ काढला, खण काढला, हळदकुंकू लावलं आणि तिथंच, कॉम्प्युटरच्या टेबलासमोर, तिची ओटी भरली. "किती पुण्याचं काम करता गं पोरींनो," म्हणाल्या. डोळ्यांत पाणी. मग हळूच विचारलं, आमची सून सध्या कुठं राहते तेवढं सांग, एकदा डोळे भरून बघून येते. आता तुम्हीच सांगा, पदरात नारळ पडलाय, खण पडलाय, समोर आईच्या वयाची बाई डोळे पुसतेय. नाही कसं म्हणायचं? हिनं कॉम्प्युटर उघडला. पासवर्ड आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होता, आपल्या आपल्यात कसलं कुलूप, म्हणून. पत्ता सांगून टाकला.

संध्याकाळी त्या पत्त्यावर सासू गेलीच नाही, नवरा गेला. मित्र बरोबर घेऊन. नशीब म्हणा, मुलीला शिवणाच्या क्लासवरून यायला उशीर झाला होता, आणि घरमालकीण खमकी निघाली. तिनं ओरडून गल्ली गोळा केली. मुलीच्या केसालाही धक्का लागला नाही. पण तिला पुन्हा बिऱ्हाड हलवावं लागलं, आणि जाताना ती आमच्याशी एक अक्षर बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या कार्यकर्तीवर तोंड सोडलं. "नारळ घेतलास आणि पोरगी दिलीस! अक्कल गहाण टाकली होतीस का?" ती बिचारी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "तुम्ही असता तर काय केलं असतं?" मी असते तर मीही पत्ता दिला असता, वर चहा केला असता.

घरी येऊन मी डोकं धरून बसले. माणसांचा स्वभाव बदलायला सात जन्म लागतात. त्यापेक्षा कुलूप बदलणं सोपं.

मी केलं ते असं. प्रत्येक बाईची माहिती वेगळ्या किल्लीनं बंद केली. ही किल्ली काही लोखंडाची नव्हे, एक अगडबंब आकडा असतो. तो नसेल तर पडद्यावर नुसता कचरा दिसतो. त्या किल्लीचे दोन तुकडे केले. एक तुकडा केंद्रातल्या समुपदेशक ताईकडे, दुसरा त्या त्या बाईच्या स्वतःच्या हातात, तिच्या फोनमध्ये किंवा एका छोट्या कार्डात. दोन्ही तुकडे एकत्र आले तरच माहिती उघडते. एकट्या तुकड्याला काही किंमत नाही. बाईचा तुकडा हरवलाच तर त्याची प्रत परगावच्या एका वकीलबाईंकडे, ती बाई स्वतः समोर उभी राहिल्याशिवाय न मिळणारी. नुसते पत्तेच नाहीत, नावंसुद्धा बंद. म्हणजे अमुक बाई केंद्रात आली होती की नाही, हेही तिच्या स्वतःच्या तुकड्याशिवाय कॉम्प्युटर कुणाला सांगणार नाही.

भिंतीवरचा नियम तोच. फक्त आता तो पाळायला कुणाच्या धीराची गरज राहिली नव्हती.

बैठकीत हे मांडलं आणि एकच गदारोळ झाला. अक्का म्हणाल्या, "सगळं ठीक आहे गं, पण एक मोठी किल्ली असू दे, सगळी कुलपं उघडणारी. अडीअडचणीला लागते. आणि ती तुझ्याकडेच ठेव. तू आपली."

"आपली म्हणूनच नको!" मी उसळले. "परक्याला नाही म्हणता येतं, अक्का, आपल्या माणसाला येत नाही. माझ्याकडे किल्ली आहे असं कळलं तर धारवाडपासून हुबळीपर्यंतचा प्रत्येक काका माझ्या घरी चहाला येईल."

"म्हणजे आमच्यावर तुझा विश्वास नाही म्हण."

"नाही! आणि माझ्यावर तर अजिबातच नाही."

अक्कांनी माझ्याकडे चष्म्यावरून रोखून बघितलं. मला वाटलं, आता निघते आपली वरात. पण त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "खरं आहे बाई. मग माझ्यावरही ठेवू नकोस." आणि कुणाकडेच मोठी किल्ली नसेल असं ठरलं.

त्या वर्षी दसऱ्याला मी अण्णाकडे जेवायला गेले. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. हुबळीत कमरीपेठेत त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, कुलपं. वर घर, खाली दुकान. वडील गेले तेव्हा अण्णा कॉलेज सोडून त्या गल्ल्यावर बसला, म्हणून मी धारवाडला शिकू शकले. हे त्यानं आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही. मला तो तंगी म्हणतो. कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. घरात तो, वहिनी आणि त्यांची एकुलती एक लेक, माझी भाची; ती त्याला अप्पा म्हणते. भाची विद्यापीठात संशोधन करते, रोज हुबळीहून धारवाडला जाऊन-येऊन.

जेवताना मी माझ्या कुलपाची फुशारकी मारली. दुसरं कोण ऐकणार माझी! म्हटलं, असं कुलूप केलंय की मला स्वतःलासुद्धा उघडता येत नाही.

अण्णाला श्रीखंडाचा ठसका लागला. "असलं कसलं गं कुलूप? कुलूपवालीलाच उघडत नाही? मी असलं दुकानात ठेवलं तर गिऱ्हाईक माझ्याच डोक्यात घालेल ते." वहिनीही हसली. भाची पुऱ्या वाढत होती. तिनं विचारलं, "खरंच तुला नाही उघडता येत, आत्या?" मी म्हटलं, "नाही गं बाई. साक्षात देव आला चौकशीला, तरी नाही." तिनं मला आणखी एक पुरी वाढली आणि ती आत गेली. मीही खात बसले.

पुढं उन्हाळ्याच्या तोंडाला, भर दुपारी, अण्णा माझ्या दारात उभा राहिला. रिकाम्या हातानं. अण्णा माझ्याकडे कधी रिकाम्या हातानं येत नाही. काही नाही तर घरची चटणी, काही नाही तर दुकानातली एखादी कडी, "तुझ्या मागच्या दाराला बसव" म्हणून.

"पोरगी घरात नाही," तो म्हणाला. बसलासुद्धा नाही.

मग त्यानं सांगितलं. सांगलीकडचं एक स्थळ आलं होतं. भाचीनं आधीच स्पष्ट सांगितलं होतं, मला आत्ता लग्न करायचं नाही, काम अर्धं राहिलंय. पण मधला माणूस म्हणजे वडलांच्या वेळेपासूनचा घरोब्याचा. त्यानं दुकानात येऊन अण्णाचे हात हातात घेतले आणि अण्णानं शब्द दिला. "नाही कसं म्हणू गं त्याला?" पाहुणे यायच्या दिवशी भाची म्हणाली, मी विद्यापीठात चालले. तेव्हा अण्णानं तिच्या खोलीला बाहेरून कडी घातली.

"पाहुणे येईपर्यंत तेवढीच," तो म्हणाला. "आपल्याच दुकानातली कडी."

मग ती साडी नेसून बाहेर येऊन बसली. त्याच आठवड्यात सकाळी नेहमीसारखी बसला गेली, ती परत आली नाही. आईला फोन करून एवढंच म्हणाली, मी सुखरूप आहे, शोधू नका. अण्णा पोलिसांत गेला तर ते म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, स्वतःहून गेल्याचं येऊन सांगून गेलीय.

"तुमच्या केंद्रातच आली असणार. दुसरीकडं कुठं जाईल ती? सांग की, तंगी."

माझं डोकं सणकलं. "कडी घातलीस? कडी? ती काय गोठ्यातलं वासरू आहे? बघायला आलेल्यांची भीड पडली आणि पोटच्या पोरीची नाही पडली तुला?" मी वाट्टेल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीवर बसला आणि रडायला लागला. वडील गेले तेव्हाही मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. तेव्हा तो दुकानाची दारं उघडत होता.

माझा सगळा राग पाण्यासारखा वाहून गेला. त्यानं उपकार काढले असते तर मी तोंड वर करून भांडले असते. पण त्यानं काही म्हणजे काही काढलं नाही. नुसता सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत राहिला. आणि मला आतून रडू येत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. पोरगी माझ्याकडे का नाही आली? रोज माझ्या घरावरून जायची. आत्या अशी हाकेच्या अंतरावर असताना कुठं गेली असेल ती? आणि ती केंद्रात आलीय का, हे मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"अण्णा," मी म्हटलं, "देवाशपथ मला माहीत नाही. आणि मला बघताही येत नाही."

"तूच बनवलंस की ते."

"मीच बनवलं. चल, डोळ्यांनी बघ."

आम्ही दोघं चालत केंद्रात गेलो. मी त्याच्यासमोर कॉम्प्युटर उघडला, माझं नाव घातलं, माझा पासवर्ड घातला. पडद्यावर ओळीच्या ओळी आल्या, अक्षरांचा आणि आकड्यांचा काला. मी एवढंच बघू शकते: यंत्र चालू आहे आणि कुलपं शाबूत आहेत. अण्णानं खिशातून चष्मा काढला, लावला, अगदी पडद्याजवळ तोंड नेलं.

"यात ती आहे?"

"असेलही. नसेलही. मला वाचता येत नाही, अण्णा."

त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या ओळीवर. जणू बोटाला कळेल यातली पोरगी कुठली. मला ते बघवेना.

"किल्ली कुणाकडं?"

"अर्धी इथल्या ताईकडे. अर्धी जिची तिच्याकडे. तिनं आपलं अर्धं दिल्याशिवाय ताईलाही काही उघडत नाही."

"म्हणजे ती आली असली, तर कुलूप तिच्या हातात."

"हो."

"आणि तुझ्याकडं?"

"काही नाही."

तो कुलपं विकणारा माणूस आहे, त्याला फार समजावावं लागलं नाही. खुर्ची ओढून बसला. मग त्यानं मान वर न करता विचारलं, "तुझ्याकडं असती तर दिली असतीस?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. तत्त्वाच्या गोष्टी सांगता आल्या असत्या. पण त्याच्याशी मी कधी खोटं बोललेले नाही. "दिली असती," मी म्हटलं. "तू दारात उभा राहिलास ना, तिथंच."

अण्णानं चष्मा काढून खिशात ठेवला. "आणि मी गेलो असतो," तो म्हणाला. "गेलो असतो आणि हाताला धरून घेऊन आलो असतो. मग बरंच झालं की."

काय सांगू, छातीवरचा धोंडा उतरला माझ्या! माझ्या सख्ख्या भावाला, ज्याच्या जिवावर मी शिकले त्याला, त्यानं मागितलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा दिलं नव्हतं. आणि त्यासाठी मला नाही म्हणावं लागलं नव्हतं. तो माझ्यावर रागावू शकत नव्हता. मला त्याच्या नजरेतून उतरावं लागलं नव्हतं. आम्ही दोघं एकाच बाजूला उभे होतो, कुलपाच्या बाहेर.

मग मी त्याला निरोपाचं सांगितलं. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. कुणालाही कुणाच्याही नावानं निरोप ठेवता येतो. निरोपाचं कुलूप उलट्या जातीचं असतं. लावता कुणालाही येतं, उघडता फक्त तिला एकटीला. ती इथं आलेली असेल तर तिला मिळतो, नसेल तर काही दिवसांनी आपोआप नष्ट होतो. दोन्ही वेळा पडद्यावर सारखंच वाक्य येतं, म्हणजे ठेवणाऱ्याला काही पत्ता लागत नाही.

"मला लिहायला जमायचं नाही," अण्णा म्हणाला.

"बोल मग. बोललेलंही बंद होतं."

मी त्याला बटण दाखवलं, दार ओढून घेतलं आणि अंगणात जाऊन उभी राहिले. आतून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी कान बंद केले नाहीत, पण पेरूच्या झाडाखाली जाऊन उभी राहिले. तेवढी मर्यादा मला पाळता आली.

थोड्या वेळानं त्यानं हाक मारली. पडद्यावर आलं होतं, निरोप बंद झाला.

"तंगी, एक वाक्य चुकलं गं. जरा परत लाव, ऐकतो."

"नाही ऐकता येत."

"माझंच बोलणं?"

"तुझं होतं. आता तिचं झालं."

"मग पुसून टाक, नवं बोलतो."

"तेही नाही."

मग त्या दिवसात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसूसारखं काहीतरी आलं. "बिडु," म्हणाला, म्हणजे सोडून दे. "चुकलं ते पण माझंच की." आणि चप्पल घालून हुबळीच्या बससाठी निघून गेला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले मला ठाऊक. भाजी करपायची, दूध उतू जायचं. समुपदेशक ताई केंद्रात समोर दिसायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायची. ती एकदाही बघितल्यासारखं करायची नाही, गुणाची बाई! एकदा मला स्वतःचाच संताप आला. हे काय करून बसलीस तू? पोरगी इथं नसलीच तर? कुठं तरी तिसरीकडेच, भलत्या ठिकाणी असली तर? तुझ्या त्या शहाण्या कुलपाला घेऊन काय पूजायचंय? अक्कांपाशी जाऊन मी भडाभडा बोलले.

अक्का शांतपणे पान लावत होत्या. "मलाही ठाऊक नाही गं, तुझी भाची आहे का यात," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. आधी मी कुणाच्या लग्नाला जायची नाही. मांडवात कोण जवळ येऊन कानात काय विचारील, याचा धाक. आता सगळीकडे जाते. पोटभर जेवते. कुणी विचारलं तर सांगते, मला माहीत नाही, आणि ते खरंच असतं. किती वर्षांनी मी खरं बोलतेय माहितेय?" आणि मला अर्धं पान दिलं. मला हसूही आलं आणि रडूही.

एका रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला. नुसती हुंदके देत होती. मला धसकाच बसला. मग शब्द फुटला. "आली. आपल्या पायानं आली. तुम्ही या."

मी साडीसुद्धा बदलली नाही, पहिली बस पकडली. भाची स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून भडंग खात होती, जशी काही काल गेली आणि आज आली. मला बघून हसली. मी आधी तिला कवटाळलं आणि मग एक धपाटा घातला.

"माझ्याकडे का नाही आलीस गं? मी काय मेले होते?"

"तुझ्याकडे आले असते तर तू अप्पाला सांगितलं असतंस," ती म्हणाली. तोंडात भडंग, आवाजात राग नाही. "केंद्रात गेले. दसऱ्याला तूच म्हणाली होतीस ना, मलाही उघडता येत नाही. म्हणून गेले."

ते कुलूप मी सासवा आणि नवऱ्यांसाठी केलं होतं असं मला वाटत होतं. आणि पोरगी तिथं गेली होती ती माझ्या भरवशावर नव्हे, मला काही करता येत नाही या भरवशावर. याचं वाईट वाटायला हवं होतं. पण तिच्याकडे बघून इतकं बरं वाटत होतं की वाईट वाटून घ्यायला जागाच उरली नव्हती. घरात होती, धडधाकट होती, तिचं काम चालू होतं. सांगलीवाल्यांना अण्णानं स्वतः फोन करून "नाही" म्हणून सांगितलं होतं. आमच्या घराण्यातलं ते पहिलं "नाही" असावं!

निरोपात अण्णा काय बोलला ते मी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

जेवणं झाल्यावर ती म्हणाली, जरा पडते. मी तिच्या मागोमाग खोलीपर्यंत गेले. दाराच्या बाहेरच्या अंगाला जिथं कडी होती तिथं आता स्क्रूची भोकं होती, लांबीनं बुजवलेली, अजून रंग न दिलेली. आतल्या बाजूला नवी कोरी पितळी कडी चमकत होती. दुकानातली सगळ्यात भारी. ती आत गेली. दार लागलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

बाहेर आम्ही तिघंही थांबलो. वहिनीनं घाबरून अण्णाकडे बघितलं. अण्णा खाली बघत होता. "झोपू दे तिला," एवढंच म्हणाला.

चार वाजता वहिनीनं चहा टाकला. ती हाक मारणार, तेवढ्यात अण्णाच उठला. कप घेऊन त्या दारापाशी गेला. आपल्या घरात त्यानं आजवर कुठलंही दार वाजवलेलं मी बघितलं नव्हतं. त्यानं बोटानं हळूच टकटक केलं, दोन पावलं मागं झाला, आणि ती आतून उघडेपर्यंत कप धरून उभा राहिला.